हंबीररावाचं झाकण

हंबीररावानं माझा केसानं गळा कापला. असं कुणाला सांगितलं की समोरचा माणूस सरसावून बसतो. त्याला वाटतं, बांधाचं भांडण असेल, सोयरिकीचं असेल, निदान निवडणुकीचं तरी असेल. मग मी सांगतो की गाडीच्या मागच्या हौद्यावर बसवायचं पत्र्याचं झाकण, त्यावरून झालं. एवढ्यावर तो माणूस उठून तंबाखू थुंकायला जातो. जाऊ दे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आणीबाणी उठली त्या सालची गोष्ट. माझी पिकप गाडी होती. पुढं जीपचं तोंड, मागं उघडा हौदा. भोगावतीच्या काठच्या गुऱ्हाळांवरून गूळ भरायचा आणि सकाळी सौद्याच्या आत कोल्हापूरच्या मार्केट यार्डात अडत्याच्या दारात उतरवायचा, हा माझा धंदा. गूळ म्हणजे तान्ह्या पोरासारखं काम. जरा ओल लागली की रवा, म्हणजे गुळाची ढेप, चिकट होतो, रंग उतरतो, आणि सौद्याला उभे असलेले व्यापारी त्याच्याकडं बघून न बघितल्यासारखं करून पुढं जातात. शेतकऱ्याची वर्षाची मेहनत तिथंच बसते. माझ्या गाडीतला गूळ कोरडा उतरतो, हे माझं नाव होतं. दुसरी इस्टेट माझ्याकडं नव्हती.

आमच्या पट्ट्यातलं सगळ्यात मोठं गुऱ्हाळ आक्कांचं. नवरा गेल्यावर दिरांना बाजूला सारून ही बाई स्वतः चुलवाणापाशी उभी राहिली आणि काहिलीतला पाक बोटावर घेऊन गुळव्यालाच शिकवायला लागली. आक्कांचा सगळा हंगाम माझ्या गाडीत. त्यांचा माल माझ्याकडं आहे म्हणून बाकीच्यांचाही येई. पण मागच्या हंगामाच्या शेवटी वळवानं वाटेत गाठलं, ताडपत्री मधोमध उसवली आणि आक्कांचे वरच्या थरातले रवे भिजले.

त्या मला म्हणाल्या, "बाळासो, एकदा झालं. माणसाचं चुकतं. पर पुन्हा माझा गूळ वला उतरला, तर मी दुसरी गाडी बघीन. मग वाईट वाटून घ्यायचं न्हाय."

वाईट वाटून घ्यायचं नाही म्हणे. ते ऐकल्यापासून मला झोप नव्हती.

अशातच उद्यमनगरात पिराजी मिस्त्रीच्या शेडमध्ये ते झाकण दिसलं. जाड पत्र्याचं, दोन पाखांचं, कडेनं रबराची पट्टी, मागं कडी-कोयंडा. हौद्यावर बसवलं की गाडी कशी पेटीसारखी बंद. पिराजीनं वरून बादलीभर पाणी ओतून दाखवलं आणि आत हात घालून कोरडा तळवा माझ्या तोंडासमोर धरला. किंमत मात्र अशी की तेवढ्यात ताडपत्र्यांचा गठ्ठा आला असता.

घरी सांगितलं तर शालू भाकरी थापता थापता म्हणाली, "ताडपत्री फाटली तर शिवता येती. ह्ये फाटलं म्हंजे?"

"पत्रा फाटत न्हाय."

"मग वाकत असंल." असं म्हणून तिनं भाकरी तव्यावर टाकली. आमच्या घरात वाद असाच संपतो.

मी चिकित्सक माणूस. टायर घ्यायचा तरी दहा जणांना विचारतो, चप्पल घ्यायची तरी दुकानात चालून बघतो. यार्डात मला चिकट म्हणत. पण तेच लोक असंही म्हणत की बाळासोनं घेतलं म्हणजे वस्तू चांगली असणार, डोळे मिटून घ्या. म्हणून मी पिराजीला विचारलं की असं झाकण वापरणारा दुसरा कोण आहे.

पिराजी म्हणाला, "हंबीरराव की. त्येंच्या गाडीवर बसवलंय आम्हीच. जावा, इचारा त्येंनाच."

आता हंबीररावाला विचारायचं म्हणजे आरशाला विचारण्यासारखं. आम्ही एकाच तालमीच्या मातीत लोळलेले. एकाच उस्तादाच्या हाताखाली स्टेअरिंग धरायला शिकलो. मला टायफॉईड झाला तेव्हा माझी गाडी आणि त्याची गाडी अशा दोन्ही त्यानं आळीपाळीनं चालवल्या आणि माझी गिऱ्हाइकं माझ्याच नावावर राखली. त्याच्या आईच्या हातचं मी माझ्या आईइतकंच खाल्लंय. गाडी त्याचीही माझ्यासारखीच, धंदाही गुळाचाच, फक्त गावं वेगळी आणि माल उतरवायचा बाजार वेगळा. पक्का माणूस. मी निरोप धाडला की सोमवारी येतो, तुझं झाकण बघायला.

इथं एक रीत सांगायला पाहिजे. आम्हा गाडीवाल्यांत गाडीला तिच्यासमोर नावं ठेवत नाहीत. ती दारातली लक्ष्मी. ब्रेक लागत नसला तरी तिच्या अंगावर हात ठेवून तसं बोलायचं नाही, लांब जाऊन मिस्त्रीच्या कानात सांगायचं. समोर बोललं की ती मनावर घेते आणि घाटात सूड उगवते, असं आमचे उस्ताद सांगत. तुम्ही हसाल. पण एवढ्या-तेवढ्या गोष्टीसाठी घाटात कोण परीक्षा घेणार?

सोमवारी गेलो तर हंबीररावाची गाडी अंगणात धुऊन-पुसून उभी, वर झाकण चकाकतंय. त्यानं एका हातानं पाख उचलून दाखवलं, दुसऱ्या हातानं कडी खटकन लावली. "लई भारी. वरनं ढग फुटू दे, आत थेंब न्हाय," म्हणाला. मी मान हलवली. गाडीसमोर तो दुसरं काय बोलणार होता? म्हणून मी मुद्दाम त्याला चहाला म्हणून बाहेर काढलं. रस्त्यापलीकडच्या हॉटेलात, जिथून गाडी दिसतसुद्धा नव्हती, तिथल्या मागच्या बाकड्यावर बसवलं.

मी म्हणालो, "हंबीर, हितं गाडी ऐकत न्हाय. आता खरं सांग. आक्कांनी शेवटचं सांगिटलंय. त्येंचा माल वला उतरला तर त्या जात्यात, आन त्या गेल्या की माझी गाडी दारात उभी ऱ्हाती. घेऊ का नगं?"

त्यानं बशीत चहा ओतला. बशीकडंच बघत राहिला.

"गूळ कसा उतरतुय?" मी पुन्हा विचारलं.

"कोरडा ठणठणीत," तो म्हणाला. मग बशी तोंडाला लावली आणि खाली ठेवून म्हणाला, "बाळासो, तुला म्हणून सांगतो. डोळं झाकून घे."

मी डोळे झाकून घेतलं. आयुष्यात एकदाच डोळे झाकून काही घेतलं, ते हे.

झाकण बसलं, नारळ फुटला, शालूनं हळदकुंकू लावलं. पहिली खेप अर्थातच आक्कांची. थंडीचे दिवस होते. पहाटे गुऱ्हाळावर गाडी लावली. आदल्या दिवशीचे रवे, हाताला अजून कोमट लागत होते. नेहमीप्रमाणे उसाच्या पाचटावर रचले, झाकण ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली ऐटीत आक्कांना दाखवली. त्याही सौद्याला येणार होत्या, त्यांना पुढं शेजारी बसवलं. वाटेत धुकं होतं. मी त्यांना पत्र्याची जाडी सांगत होतो, रबराची पट्टी मुंबईहून येते हे सांगत होतो. त्या नुसत्या हूं हूं म्हणत होत्या.

यार्डात अडत्याच्या दारात गाडी लावली. हमाल जमले, झाकणाची नवलाई होती. मी कुलूप काढून पाख वर उचललं, आणि आतून वाफेचा भपकारा आला.

शिजत्या भातावरचं ताट उचलल्यावर त्याच्या खालच्या बाजूला जसं पाणी असतं, तसं सगळ्या पत्र्याला आतून पाणी. थेंब टपोरे, रांगेनं लोंबणारे. मी पाख उचललं तसे ते घरंगळत जाऊन उरलेल्या रव्यांवर पडले. वाटभर हेच चाललं होतं. कोमट गुळाची वाफ थंड पत्र्याला लागत होती आणि पाणी होऊन परत गुळावर टपकत होती. वरच्या थरावर देवीचे वण असावेत तशी भोकं पडली होती, आणि त्यांतून काळपट ओघळ खाली उतरले होते. ताडपत्री असती तर वाफ कापडातून निघून गेली असती. बाहेरच्या पावसापासून वाचायला मी आत पाऊस विकत घेतला होता.

आक्का पुढं आल्या. एका रव्यावर बोट दाबलं, बोट आत गेलं. ते त्यांनी पदराला पुसलं.

"पावसाळा सरला की रं बाळासो," त्या म्हणाल्या. "ह्यो पाऊस कुठला?"

 त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा गूळ त्या दिवशी सौद्याच्या अगदी शेवटी गेला, जनावरांच्या पेंडीत घालणाऱ्यानं घेतला. परतीच्या वाटेवर त्या माझ्या गाडीत बसल्या नाहीत, एस.टी.नं गेल्या.

पण खरं सांगतो, तेव्हाही हंबीररावाचा राग माझ्या मनात आला नाही. वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. त्याचा गूळ जर ठणठणीत उतरतो तर त्याची काहीतरी युक्ती असणार. रवे थंड करून भरत असेल, पाख जरा किलकिलं ठेवत असेल. सांगायचं राहून गेलं असेल बिचाऱ्याचं. युक्ती कळली की आक्कांच्या पाया पडून एक खेप मागून घेऊ, असं ठरवून मी त्याच्या गावी गेलो. ह्या वेळी निरोप धाडला नव्हता.

गाडी अंगणात नव्हती. त्याची आई, धोंडुबाई, सोप्यात शेंगा फोडत बसली होती. तिनं मला बघून पाणी आणलं. मी तांब्या तोंडाला लावता लावता गोठ्याकडं बघितलं आणि तांब्या तसाच राहिला. गोठ्यात, कडब्याच्या गंजीवर, पत्र्याचं झाकण आडवं टाकलेलं होतं. दोन्ही पाखं उघडी, आणि त्यांच्यावर कोंबड्या बसलेल्या. रबराची पट्टी एका बाजूनं सुटून लोंबत होती.

"मावशी, ह्ये कवा काढलं?" मी विचारलं.

"लई दिस झालं की," म्हातारी म्हणाली. "दिवाळीच्या आदीच. सगळा गूळ पाझरला बघ, चार गावात हसं झालं. मधी एकदा तू येणार म्हणून पोरांनी चौघांनी धरून वर चढवलं व्हतं. धुतलं काय, पुसलं काय. तू गेलास आन उतरवलं." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "का रं? तुला सांगिटलं न्हाय व्हय?"

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ बघितली. यार्डात सकाळपासून दुपारपर्यंत तेच चालतं. पण माझ्याशी खोटं बोलायला ह्यानं चार माणसं बोलावली होती. माझ्यासाठी ते धूड उचलून गाडीवर ठेवलं, साबणानं धुतलं, कोंबड्यांची घाण खरवडली. लग्नाला मुलगी दाखवतात तशी तयारी केली.  राग नंतर आला, आधी रडूच आलं. म्हातारीनं बघू नये म्हणून मी तोंडावर पाणी मारलं.

तेवढ्यात हंबीरराव आला. त्याच्या गाडीवर ताडपत्री, दोरीनं आवळून बांधलेली. ती त्यानं सोडली तर हौदा रिकामा, तळाला पाचट आणि गुळाचा वास. मला उंबऱ्यावर बघितलं, मग गोठ्याकडं बघितलं, आणि त्याला सगळं कळलं.

"गाडीम्होरं कसं बोलायचं, बाळासो?" तो म्हणाला. "रीत हाय आपली."

"गाडीम्होरं बोललास ते मी धरलंच न्हाय. हॉटेलात काय व्हतं? तिथं कोण ऐकत व्हतं?"

तो हौद्याकडं वळला. पाचटाची काडी घेऊन तिचे तुकडे करत राहिला. मग मान खाली घालूनच बोलायला लागला. "सगळी हसत व्हती मर्दा. चावडीवर, बाजारात, सासरवाडीत. हंबीररावानं गाडीला टोपडं घाटलं म्हणायची. बा म्हणायचा, पोरगं खुळं हाय. आन मग तू इचाराय आलास. तू. टायर घ्यायचा तर म्हैनाभर घिरट्या घालतुयास. म्हटलं, बाळासोनं घेटलं तर कोण हसंल? आन खरंच, तू घेटलास तवाधरनं गप बसली समदी. म्हणाली, बाळासोनं घेटलं म्हंजे वस्तू चांगलीच, हंबीरलाच वापरायची अक्कल न्हाय."

"आन माझं काय हुईल, ते?"

"मला वाटलं, तू काडशील कायतरी युक्ती," तो म्हणाला. हे तो मनापासून म्हणाला, आणि त्यामुळंच मला जास्त लागलं. माझ्यावर एवढा विश्वास, आणि खरं सांगण्याइतकंही मला लायक समजला नाही.

मी उठलो. जाता जाता हौद्याकडं बघून सहज विचारलं, "आज कुणाचा माल न्हेलतास?"

 उत्तर सोप्यातून धोंडुबाईनं दिलं. "आक्कांचा की. कालपासनं त्योच न्हेतोय."

हंबीरराव घाईनं म्हणाला, "त्येंनीच बोलावलं. मी काय मागाय गेलतो व्हय?"

"सांगाय तरी आलतास व्हय?" एवढंच मी म्हणालो आणि चालू लागलो. त्यानं हाक मारली नाही. मारली असती तर मी थांबलो असतो, एवढा मी मूर्ख आहे.

घरी येऊन शालूला सगळं सांगितलं. ती 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणाली नाही. "टायफॉईडात त्यानंच गाडी चालवली व्हती न्हवं?" एवढं म्हणाली. मला तेच कळत नव्हतं. तो हंबीरराव खोटा की हा? दोन्ही खरे असतील तर माणसानं कुणाच्या खांद्यावर मान टाकायची?

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक पाहुणे दारात आले. नेसरीचे, वयानं माझ्यापेक्षा मोठे, आण्णा म्हणत त्यांना. त्यांनी नुकतीच पिकप घेतली होती, त्यांच्याकडच्या गुऱ्हाळांचा माल कोल्हापूरला आणायचा विचार होता. पिराजी मिस्त्रीनं त्यांना झाकणाबद्दल विचारायला दोन नावं दिली होती, हंबीररावाचं आणि माझं.

माझ्या गाडीवर झाकण होतं अजून. आक्का गेल्यापासून गाडी दारात उभीच, काढायला हात धजत नव्हता. पाहुण्यांनी त्याच्यावरून हात फिरवला. मी त्यांना लांब नेलं नाही. तिथंच, गाडीला पाठ टेकून सांगितलं, "पावणं, घेऊ नगासा. कोमट गूळ आत घाटला की पत्र्याला पाणी सुटतंय. माझं मोठं गिऱ्हाईक ह्येच्यापायी गेलं. ताडपत्री चांगली घ्या, दुहेरी घ्या, पर ह्ये घेऊ नगा."

आण्णा हसले. चांगल्या घरचं, समजूतदार हसणं होतं ते.

"हंबीरराव म्हणालेच व्हते," ते म्हणाले, "बाळासो नावं ठेवतील म्हणून. तुमचं गिऱ्हाईक त्येंच्याकडं गेलं, तवाधरनं तुमास्नी दुसऱ्याचं बरं बघवत न्हाय म्हणाले. मनावर घेऊ नगा, धंद्यात चालायचंच." मग जरा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "ह्येच इकत देतासा काय? नावं ठिवल्यावर भाव वाढतोय, ठावं हाय मला."

मी द्यायला हवं होतं. शालू आतून दारात येऊन उभी राहिली होती, तिच्या डोळ्यांत तेच होतं. एक होकार दिला असता की ते धूड माझ्या दारातून गेलं असतं. पण समोरच्या माणसाच्या बोटांना गुळाचा चिकटा होता, त्याच्याही गावात कुणीतरी आक्का असणार. मी नाही म्हणालो. पाहुण्यांना वाटलं, वस्तू चांगली आहे म्हणूनच हा सोडत नाही. चहा घेऊन, रामराम करून ते गेले.

सरळ हंबीररावाकडं गेले. गोठ्यातलं झाकण पुन्हा एकदा साबणानं धुतलं गेलं, सुटलेली पट्टी चिकटवली गेली, आणि नेसरीला गेलं. हंबीररावानं ते मोठ्या मुश्किलीनं सोडलं म्हणे, पाहुण्यांच्या शब्दाखातर.

मी माझं झाकण पुढच्याच आठवड्यात उतरवून भंगारात घातलं. पण उशीर झाला होता. नेसरीकरांचा गूळ पाझरला तेव्हा यार्डात चर्चा झाली की असलं झाकण ह्या भागात आणलं कुणी. लोकांनी बोट दाखवलं ते माझ्याकडं, कारण यार्डात ते पहिल्यांदा त्यांनी माझ्याच गाडीवर बघितलेलं. आता मी इकडून तिकडून दोन-चार गोण्या शेंगा, कुणाचं खत असलं काही आणतो. गाडी यार्डात शिरली की हमाल ओरडतात, "आलं, झाकण-बाळासो आलं." अडत्याच्या पायरीवर बसलेले सगळे हसतात. आक्कांचा माल उतरवून हंबीरराव तिथंच उभा असतो, आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच हसतो.